कानामागची गाठ : दुखणारी आणि न दुखणारी

मुलाला न्हाऊ घालताना कानामागे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते आणि आईच्या मनात नको नको ते येतं. अशा वेळी गाठ सारखी दाबून पाहू नये, आधी मुलाचं डोकं पाहावं. कानामागे लसिका ग्रंथी असतात. टाळूवर किंवा कानापाशी जंतुसंसर्ग झाला की त्याच्याशी झुंजताना त्या सुजतात. पायाच्या जखमेमुळे जांघेत अवधाण येतं, तोच हा प्रकार. उवा, खाजवून पडलेले ओरखडे, गळू, डोक्यातला नायटा, टोचल्यावर पिकलेला कान. मूळ बहुधा यांतच सापडतं. ते बरं झालं की गाठही काही आठवड्यांत ओसरते. रुबेलातही कानामागे आणि मानेवर गाठी येतात, कधी पुरळ उठण्याआधीच. घरात कुणी गरोदर असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण पहिल्या तीन महिन्यांत रुबेला गर्भाला फार घातक ठरतो.

दोन्ही कानांमागे सारखाच टणक उंचवटा लागला, तर ते बहुधा कवटीचं हाडच. कातडीला चिकटलेली, मधोमध काळा ठिपका असलेली गाठ म्हणजे त्वचेखालची पिशवी. ती पिळली की दुर्गंधीयुक्त पांढरा ऐवज बाहेर येतो, पण पिशवी आतच राहते आणि पुन्हा भरते. त्रास होत असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने ती अख्खी काढावी लागते. बिब्बा किंवा चुन्याचा लेप कृपा करून लावू नका. त्याने कातडी भाजते.

एका दुखण्यात मात्र रात्रभरही थांबू नये. कान फुटल्यानंतर किंवा ठणकल्यानंतर मागचा भाग लाल होऊन सुजला, कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला आणि ताप चढला, तर संसर्ग हाडात उतरलेला असू शकतो. तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

मला खरी काळजी वाटते ती न दुखणाऱ्या गाठीची. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असं म्हणत घरोघरी महिने जातात. वास्तविक दुखरी गाठ बहुतेक वेळा संसर्गाची असते आणि बरी होते. टणक, न हलणारी, वाढत जाणारी गाठ मुकाट असते म्हणूनच मागे पडते. आपल्याकडे मानेच्या आणि कानाखालच्या गाठींमागे क्षयरोग पुष्कळदा निघतो. जुनी माणसं त्याला गंडमाळ म्हणत. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत आणि ते साधारण सहा महिने चालतात. पाळीखालची गाठ लाळग्रंथीची असू शकते. सोबत चेहरा एका बाजूला वाकडा होत असेल तर विलंब नको.

गाठ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, वजन घटू लागलं, रात्री घामाने कपडे भिजू लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासायला सांगतात. सुई लावली की गाठ पसरते, या भीतीपोटी अनेक जण तिथूनच परत फिरतात. ही भीती निराधार आहे. तपासणी काही मिनिटांची असते आणि औषध कोणतं द्यायचं हे बहुतेकदा तिच्यावरूनच ठरतं.