कामाचे तास आणि धंद्याची बरकत

संगणकाच्या धंद्यात रात्रंदिवस जागल्याशिवाय पैसा मिळत नाही, असा समज आपल्या बाजारात आहे. त्याच धंद्यातील एका पेढीचे मत मात्र वेगळे आहे. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी ते समजून घ्यावे, असे आम्हास वाटते.

अमेरिकेतील शिकागो शहरात 1999 मध्ये 'थर्टीसेव्हन सिग्नल्स' ही पेढी सुरू झाली. जेसन फ्राईड हे तिचे एक संस्थापक. आधी ती इतरांच्या वेबसाईट तयार करून देई. आपल्या भाषेत मजुरीचे काम. 2004 मध्ये तिने 'बेसकॅम्प' हा स्वतःचा माल आणला. तो रचणारे डेव्हिड हॅन्सन मूळचे डेन्मार्कचे.

2018 मध्ये या दोघांनी पुस्तक लिहून आपली रीत सांगितली. आठवड्याला 40 तास काम पुरे, उन्हाळ्यात चार दिवस मिळून 32 तास. हे जमते कसे? कामाची मुदत ते आधी ठरवतात, बहुधा सहा आठवडे. काम उरले तर मुदत वाढवत नाहीत, काम छाटतात. हातात जेवढे कापड तेवढ्यातच शिंपी कट बसवतो, तसेच हे.

दुसरी गोष्ट, एकच गिऱ्हाईक इतके मोठे होऊ देत नाहीत की त्याच्या हुकमावर पेढी चालावी. एकाच ठोक व्यापाऱ्यासाठी माग चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

पण फरकही आहे. त्यांचा माल एकदा तयार झाला की हजारोंना विकता येतो. आपल्याकडे प्रत्येक मीटर मागावरच विणावा लागतो. मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराचे तास घटले तर त्याची मजुरीही घटते. शिवाय कमी तासांनीच माणसे राजी राहतात असे नाही. 2021 मध्ये कामावर राजकारणाची चर्चा नको, असा नियम मालकांनी केला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश माणसे सोडून गेली.

म्हणून तास नव्हे, मुदतीची रीत उचलावी. ईद-दिवाळीच्या हंगामात ऑर्डर घेताना आपले माग व माणसे मोजावीत आणि मगच तारीख द्यावी. जास्तीची ऑर्डर शेजारच्या कारागिराकडे वळवावी. जागरणात विणलेल्या तागात दोष निघतो आणि परत आलेला माल नफा खातो. जबान पाळणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.