संगणकावरील पहारेकरी



पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांत अलीकडे एक प्रसंग वरचेवर घडतो. रात्रीं दोनच्या सुमारास मुलाचा किंवा सुनेचा मोबाइल वाजतो. ती व्यक्ति डोळे चोळीत उठते, संगणक उघडून बसते, आणि अर्ध्या तासानें ‘कांहीं नाहीं, एक प्रोसेस बंद पडली होती’ एवढेंच सांगून पुन्हां झोंपी जाते. वडील माणसांना या उत्तरानें कसलाच बोध होत नाहीं. बरें, हा फोन केला कोणीं? कोणा माणसानें नव्हे. एका संगणकावर देखरेख करणाऱ्या दुसऱ्या संगणकाचा तो पुकार होता. हा पहारा कसा बसवितात आणि त्यावर भरंवसा किती ठेवावा, हें आज आपणांस सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम प्रोसेस म्हणजे काय तें पाहूं. पाकशास्त्राच्या पुस्तकांत पुरणपोळीची कृति छापलेली असते. पण कृति म्हणजे पोळी नव्हे. कोणी तरी चूल पेटवून पुरण शिजत घालावें, तेव्हां त्या कृतीला जीव येतो. संगणकांतील प्रोग्रॅम ही अशी लिहून ठेवलेली कृति होय, आणि तिच्या बरहुकूम प्रत्यक्ष चालू असलेलें काम ती प्रोसेस. एकाच पुस्तकावरून चार घरीं चार स्वयंपाक चालावे, तद्वत् एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रोसेस एका वेळीं चालूं शकतात. संगणक प्रत्येकीला एक क्रमांक देतो, मेमरींतील जागा देतो आणि प्रोसेसरचा वेळ वांटून देतो. बँकेचे किंवा रेल्वे-तिकिटांचे व्यवहार पाहणाऱ्या सर्व्हर नामक मोठ्या संगणकांवर अशा पुष्कळ प्रोसेस अहोरात्र चालू असतात. त्यांतील एखादी मध्येंच मेली, तरी यंत्राचा दिवा जळतच असतो, पंखा फिरतच असतो. काम तेवढें थांबलेलें असतें. म्हणून नुसतें यंत्र चालू आहे एवढें पाहून भागत नाहीं. आंतील प्रोसेसवरहि पहारा ठेवावा लागतो.

या पहाऱ्यासाठीं स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत. ईथन गॅल्स्टॅड या अमेरिकन गृहस्थांनीं १९९९ सालीं नेटसेंट या नांवानें काढलेला व पुढें नागिऑस म्हणून प्रसिद्धीस आलेला एक. लॅटव्हिया देशांतील रिगा येथें वाढलेला झॅबिक्स हा दुसरा. त्यांची रीत थोडक्यांत अशी. ज्या यंत्रावर देखरेख करावयाची, त्यावर एजंट नांवाचा एक लहानसा हस्तक बसवितात. मध्यवर्ती संगणक ठराविक अंतरानें, समजा दर मिनिटाला, त्याला विचारतो, ‘अमुक नांवाच्या प्रोसेस किती चालू आहेत?’ उत्तर आंकड्यांत येतें, आणि त्या आंकड्याला आधींच मर्यादा घालून ठेवलेल्या असतात. शून्य आलें, तर प्रोसेस मेली, इशारा द्यावा. एकच असावयाची तेथें दोन निघाल्या, तरीहि इशारा द्यावा. कारण एकाच वहींत दोन कारकून एकदम लिहूं लागले, तर हिशेब बिघडावयाचाच. नागिऑसमध्यें इशाऱ्याच्या दोन पायऱ्या असतात. पहिली सावधगिरीची, दुसरी संकटाची. याच रीतीनें, प्रोसेसनें मेमरी किती व्यापली, हेंहि विचारतां येतें. ह्याला महत्त्व आहे. कारण लिनक्स प्रणालींत मेमरी पार संपली, म्हणजे ती प्रणाली स्वतःच एखादी प्रोसेस निवडून ठार करते. तो प्रसंग येण्यापूर्वींच इशारा मिळालेला बरा.

परंतु ही मोजणी दिसते तितकी सोपी नाहीं. नदी उतरून गेलेल्या दहा माणसांची गोष्ट आपण लहानपणीं ऐकली असेल. जो तो बाकीच्या नऊ जणांना मोजी आणि स्वतःला मोजावयास विसरे. येथें नेमकी उलट चूक होते. चालू प्रोसेसच्या यादींत एखादें नांव शोधावयास जो शोधक लावतात, तो स्वतःहि एक प्रोसेसच असतो, आणि तें नांव त्याच्या आज्ञेंत लिहिलेलें असतें. परिणाम असा कीं, खरी प्रोसेस मेलेली असतांहि शोधकाला यादींत स्वतःचेंच दर्शन घडतें आणि उत्तर येतें, ‘एक चालू आहे.’ म्हणून शोधकाला गणनेंतून वगळण्याची तजवीज प्रथम करावी लागते.

दुसरा दोष फुकट पुकाराचा. प्रोसेस कधीं कधीं क्षणभर थांबून आपोआप पुन्हां सुरू होते. तेवढ्यासाठीं माणसाला झोंपेंतून उठविलें, तर दहाव्या रात्रीं तो फोनकडे पाहणार नाहीं, आणि खरा लांडगा नेमका त्याच रात्रीं येईल. यास्तव ‘लागोपाठ तीन वेळां शून्य आलें तरच इशारा’ अशी अट घालतात. दुरुस्तीसाठीं यंत्र मुद्दाम थांबविलें असेल, तेवढ्या वेळापुरता पहारा उठवितात. शिवाय इशाऱ्यांत यंत्र कोणतें, प्रोसेस कोणती, कधींपासून बंद आहे आणि प्रथम काय करावें, एवढें असलेंच पाहिजे. ज्या इशाऱ्यावर कोणाला कांहीं करावयाचेंच नसतें, तो रात्रीं न देणेंच उत्तम.

इतकी काळजी घेतल्यावर तरी आपण निश्चिंत असावें काय? याचें उत्तर १४ ऑगस्ट २००३ या दिवसानें दिलें आहे. अमेरिकेच्या ओहायो संस्थानांत फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण-कक्षांत संगणकावर एक प्रोग्रॅम चालत असे. विजेची एखादी वाहिनी बंद पडली कीं तेथील कर्मचाऱ्यांना सूचना द्यावी, हें त्याचें काम. त्या दिवशीं दुपारीं २ वाजून १४ मिनिटांनंतर तो निपचित पडला. कर्मचाऱ्यांना वाटलें, सूचना नाहीं त्या अर्थीं सर्व ठीक आहे. २ वाजून ४१ मिनिटांनीं मुख्य सर्व्हर कोसळला. योजल्याप्रमाणें सर्व काम आपोआप राखीव सर्व्हरवर गेलें. पण गोठलेली सूचना-प्रोसेसहि जशीच्या तशी तिकडे गेली, आणि तेरा मिनिटांनीं तोहि कोसळला.

येथपर्यंत पहारेकऱ्यानें आपलें काम चोख बजावलें होतें. दोन्ही वेळां संगणक-तज्ज्ञांना आपोआप इशारा गेला. त्यांनीं मुख्य सर्व्हर पुन्हां सुरू केला. ३ वाजून ८ मिनिटांनीं तो चालू झाला. तपासणींत असें दिसलें कीं, संगणक चालू आहे आणि हव्या त्या सर्व प्रोसेसहि चालू आहेत. तज्ज्ञ समाधान पावले. परंतु ती सूचना-प्रोसेस चालू असूनहि गोठलेलीच होती. पलीकडे नियंत्रण-कक्षांत बसलेल्यांना ‘तुम्हांला सूचना येऊं लागल्या काय?’ एवढें कोणीं विचारलें नाहीं. दरम्यान ३ वाजून ५ मिनिटांनीं एक मोठी वाहिनी झाडाला लागून बंद पडली होती, ३.३२ व ३.४१ ला आणखी दोन पडल्या. चार वाजून गेल्यावर थोड्याच मिनिटांत न्यूयॉर्क, डिट्रॉइट, क्लीव्हलंड, टोरंटो अशीं शहरें अंधारांत गेलीं. सुमारें ५ कोटि लोकांची वीज गेली. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं; वाहिन्यांखालचीं झाडें वेळेवर छाटलेलीं नव्हतीं, हेंहि एक. परंतु सावध होण्यास तासाहून अधिक वेळ हातीं होता, तो या मौनांत गेला. पुढें शोधाअंतीं आढळलें कीं, दोन प्रोसेसनीं एकाच माहितीवर एकदम लिहिल्यामुळें सूचनांचा प्रोग्रॅम एका न संपणाऱ्या फेऱ्यांत अडकला होता. मघांचे दोन कारकून ते हेच.

मीं आयुष्यभर शाळेंत हजेरी घेतली. ‘हजर’ म्हणणारा मुलगा वर्गांत बसला आहे, एवढेंच त्या शब्दानें कळतें. तो शिकतो आहे कीं खिडकीबाहेरच्या पतंगाकडे पाहतो आहे, हें कळावयास त्याला उभें करून प्रश्न विचारावा लागतो. प्रोसेसचें तसेंच आहे. ती यादींत आहे एवढ्यावर न थांबतां, तिला मधून मधून एक लहानसें खरें काम सांगावें आणि ठराविक वेळांत बरोबर उत्तर येतें काय तें पाहावें. दुसरा उपाय असा कीं, प्रोसेसनेंच आपलें काम उरकतांच ‘झालें’ असा निरोप धाडावा, आणि नेमलेल्या वेळेंत निरोप आला नाहीं, तर ते मौन हाच इशारा समजावा. तिसरी गोष्ट, पहारेकरी हीहि शेवटीं प्रोसेसच. तेव्हां त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा पहारेकरी वेगळ्या यंत्रावर असावा. आणि चौथी, सोयीच्या वेळीं एखादी प्रोसेस मुद्दाम थांबवून घंटा खरोखर वाजते काय याची परीक्षा घ्यावी.

तेव्हां पुढच्या खेपेस घरांतील मोबाइल रात्रीं वाजला आणि मुलगा ‘झालें, प्रोसेस चालू केली’ म्हणत उठूं लागला, तर रागावूं नका. चहाचें आधण ठेवा आणि एकच गोष्ट विचारा, ‘अरे, ज्याचें काम अडलें होतें, त्याला विचारलेंस काय?’