किंमत तुम्ही सांगायची, पण किती?

लिलाव म्हटलं की विकणारा वस्तू मांडतो आणि घेणारे बोली चढवत जातात. आज मी जरा वेगळ्या लिलावाबद्दल बोलणार आहे. इथे एकच घेणारा असतो, तो आपली किंमत सांगतो आणि विकणारा फक्त हो किंवा नाही म्हणतो.

अमेरिकेत जे वॉकर यांच्या प्राइसलाइन या कंपनीने १९९८ साली ही पद्धत इंटरनेटवर आणली. हॉटेलची खोली हवी असेल तर शहरातला भाग, तारखा आणि किती स्टारचं हॉटेल हवं ते निवडायचं, आकडा टाकायचा आणि क्रेडिट कार्डाचा नंबर आधीच द्यायचा. हॉटेलचं नाव बोली मंजूर झाल्यावरच कळायचं. मंजूर झाली की पैसे गेले, मागे फिरणं नाही.

नाव का लपवायचं? रिकामी खोली म्हणजे हॉटेलचं त्या रात्रीचं बुडालेलं उत्पन्न. ती स्वस्तात द्यायला हॉटेल तयार असतं, पण नावानिशी स्वस्त विकली तर पूर्ण भाडं देणारे गिऱ्हाईकही तोच दर मागतील.

आता पैसा कुठे जातो ते पाहू. समजा हॉटेलने गुपचूप सांगितलेला किमान दर ६० डॉलर आहे आणि नेहमीचा दर १२०. तुम्ही ९० ची बोली लावली आणि ती लागली. तुम्हाला वाटतं, ३० वाचले. पण हॉटेलला ६०च मिळतात आणि मधले ३० मध्यस्थाच्या खिशात जातात. म्हणजे किंमत तुम्ही सांगितली खरी, पण न कळलेल्या आकड्याचा दंडही तुम्हीच भरला.

मग प्रवासी एकमेकांना सांगू लागले: अमुक शहरात, अमुक भागात, चार स्टारसाठी माझी ६५ ची बोली लागली. दुसरा म्हणाला, माझी ५८ ची फेटाळली. या दोन ओळी एकत्र वाचल्या की तो लपलेला आकडा साधारण कुठे असेल ते दिसतं. नवा माणूस ९० ऐवजी ६२ पासून सुरुवात करतो.

आणखी एक युक्ती अशाच गोळा झालेल्या माहितीतून निघाली. बोली फेटाळली की तीच मागणी लगेच पुन्हा करता येत नसे. काहीतरी बदलावं लागे, उदाहरणार्थ शहराचा आणखी एक भाग जोडायचा. ज्या भागात चार स्टारचं एकही हॉटेल नाही तो भाग जोडला, तर नको त्या ठिकाणी खोली मिळण्याची भीती नाही आणि बोली वाढवायची संधी फुकट! पण कुठल्या भागात काय आहे, हे एकट्यादुकट्याला कुठून कळणार?

मात्र दोन गोष्टींची सावधगिरी हवी. एक, जिंकलेला माणूस हौसेने सांगतो, हरलेला गप्प बसतो. नुसते जिंकलेले आकडे वाचले तर सगळं फारच स्वस्त वाटतं आणि तुमच्या बोल्या एकामागून एक फेटाळल्या जातात. दोन, किमान दर रोज बदलतो. शहरात मोठं अधिवेशन असेल तर गेल्या महिन्याचा आकडा निरुपयोगी.

प्राइसलाइनने विमान तिकिटांसाठी ही सोय २०१६ मध्ये बंद केली. पण मला यातली मुख्य गोष्ट जुनी झालेली वाटत नाही. ‘किंमत तुम्ही ठरवा’ असं कोणी म्हटलं, तर आधी विचारा: समोरच्याला कुठला आकडा माहीत आहे, जो मला माहीत नाही? आणि व्यवहार झाल्यावर आपला आकडा इतरांना सांगा. लागला तर सांगाच, पण फेटाळला तर आवर्जून सांगा. पुढच्या माणसाचे पैसे बहुधा त्यानेच वाचतील.