काकूंचं मस्कत

आमच्या भिशीत आम्ही बारा जणी. महिन्याला पाच हजार, म्हणजे नंबर लागला की हातात साठ हजार. या पैशाचं काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. कुणी फ्रीज घेतं, कुणी मुलाच्या क्लासची फी भरतं, कुणी सोन्याची वळी करून लॉकरात टाकतं. 2023 च्या गणपतीनंतर शेजारच्या काकूंचा नंबर लागला. आम्ही सवयीनं विचारलं, "मग काकू, काय घेणार?" काकू म्हणाल्या, "मला मस्कत बघायचंय."

सगळ्या गप्पच झाल्या. काकूंचं वय तेव्हा त्रेसष्ट. चिपळूणहून मुंबई आणि एकदा पंढरपूर, एवढाच त्यांचा प्रवास. पण त्यांचे यजमान 1979 ते 2001 अशी बावीस वर्षं मस्कतला बंदरावर कामाला होते. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी यायचे. काकूंनी दोन मुलं वाढवली, सासूचं आजारपण काढलं, घर बांधून घेतलं, ते सगळं तिकडून येणाऱ्या ड्राफ्टवर आणि पत्रांवर. काका जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. कोकणात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आखाताच्या पैशावर उभी राहिलेली, पण ते आखात पाहिलंय फक्त पुरुषांनी.

"अगं, ह्यांचं अर्धं आयुष्य तिथं गेलं," काकू म्हणाल्या. "रुवी, मत्रा, दरसैत, सगळी नावं मला पाठ आहेत. गाव मात्र एकदाही बघितलं नाही."

मुलगा म्हणाला, "आई, काय ठेवलंय तिथं? त्यापेक्षा चारधाम कर." काकूंनी त्याला एवढंच सांगितलं, "पैसे माझ्या भिशीचे आहेत." झालं! आम्ही तिघी त्यांच्यासोबत निघायला तयार झालो.

पहिली पायरी पासपोर्टची. काकू सातवी शिकलेल्या. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा पडू शकतो. म्हणजे ओमानसारख्या काही देशांत नोकरीसाठी जायचं तर सरकारची आधी परवानगी लागते. फिरायला जाणाऱ्यांना ही परवानगी लागत नाही, पण परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि व्हिसा हे कागद हाताशी हवेत. पन्नाशी ओलांडलेल्यांना या शेऱ्यातून सूट मिळते, म्हणून काकूंचं काम सोपं झालं. आमच्यातली एक मात्र बेचाळीस वर्षांची आणि नववी शिकलेली. तिनं सगळ्या कागदांच्या दोन दोन प्रती पिशवीत ठेवल्या होत्या.

गावातल्या एका एजंटानं आम्हाला घाबरवलंच होतं. "बायका बायका जाताय? व्हिसा कठीण आहे, दुप्पट खर्च येईल." एकीच्या मुलीनं ओमानच्या पोलीस खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर घरबसल्या ई-व्हिसाचा अर्ज भरून दिला. दहा दिवसांचा आणि महिन्याचा असे त्यात दोन प्रकार होते. आम्ही दहा दिवसांचा घेतला. दुप्पट खर्च वाचला.

दुसरा प्रश्न, जायचं कधी? मे महिन्याची सुट्टी तिथं अजिबात कामाची नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुखाचा काळ. याला अपवाद दक्षिणेकडच्या सलालाचा. जून ते सप्टेंबरमध्ये आपल्यासारखाच मान्सूनचा शिडकावा तिथं होतो, डोंगर हिरवे होतात. नारळ-केळीच्या बागा तर तिथं बाराही महिने असतात. ज्या धुपासाठी अरबस्तान हजारो वर्षं प्रसिद्ध आहे, त्या लोबानाची झाडंही त्याच भागातली. पण सलाला मस्कतपासून हजारेक किलोमीटर दूर. आम्ही ते पुढच्या भिशीवर सोडलं आणि 2024 च्या जानेवारीतली, संक्रांतीनंतरची तारीख धरली.

आता पैशाचं गणित. एका ओमानी रियालला आपले दोनशेहून जास्त रुपये पडतात. रियालचे हजार बैसा होतात. हा 'बैसा' म्हणजे आपलाच पैसा बरं का! 1959 मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळा रुपया काढला होता आणि ओमानमध्येही तो चालायचा. 1970 मध्ये त्यांनी स्वतःचं नवं चलन आणलं. मुंबईहून येण्याजाण्याचं विमान आम्हाला अठरा हजारांच्या आत मिळालं, कारण अडीच महिने आधी तिकीट काढलं. रुवीतलं साधं हॉटेल, दोघी दोघींत एक खोली. तीन दिवसांसाठी चालकासह मोठी गाडी, खर्च चौघींत वाटून. वाळवंटातली एक रात्र. सगळं मिळून साठ हजारांत बसलं, वर थोडे खजुराला उरले.

सामान भरताना काकूंनी घरचा मसाला आणि अनारसे काढून ठेवले. ते मी पुन्हा डब्यात ठेवायला लावले. का, तर खसखस! अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि अमली पदार्थांच्या बाबतीत सगळ्याच आखाती देशांचे कायदे फार कडक आहेत. आपल्या मसाल्यात आणि अनारशात खसखस असतेच. विमानतळावर भाषा न येता खुलासे करत बसायला नको. तिळाचे लाडू आणि मेतकूट मात्र सुखरूप पोचलं.

मुंबईहून तीन तासांच्या आत मस्कत आलं. घड्याळं दीड तास मागे केली. बाहेर पडतो तर दुकानदार हिंदीत बोलतोय, टॅक्सीवाल्याला हिंदी कळतंय. निम्मी भीती तिथंच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी मशीद पाहिली. सुलतान काबूस यांनी बांधवलेली ही मशीद 2001 मध्ये खुली झाली. मुसलमान नसलेल्यांना तिथं सकाळच्या वेळातच आत सोडतात आणि शुक्रवारी सोडत नाहीत. बाईनं डोकं, हात, पाय पूर्ण झाकलेले हवेत. आम्ही पूर्ण बाह्यांचे पंजाबी ड्रेस आणि ओढण्या घेतल्या होत्या. काकूंनी साडीवर लांब बाह्यांचा ब्लाऊज शिवून घेतला होता, वर शाल. ही इमारत लाखो टन भारतीय वालुकाश्मात बांधलेली आहे. पण काकू थबकल्या त्या गालिच्यापाशी. सत्तर मीटर लांब, साठ मीटर रुंद, वजन एकवीस टन. इराणमधल्या सहाशे बायकांनी चार वर्षं खपून केलेला. काकू गोधड्या शिवतात. त्या खाली वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सहाशे जणींची कंबर मोडली असेल गं."

मग निझवा. मस्कतपासून दीड-दोन तासांवर, सतराव्या शतकातला गोल बुरुजाचा किल्ला आणि खजुराच्या बागा. शुक्रवारी सकाळी तिथं बकऱ्यांचा बाजार भरतो, आपल्या आठवडी बाजारासारखाच. डोंगरातलं पाणी चरांमधून उतारानं गावात, शेतात आणायची इथली जुनी पद्धत, तिला फलज म्हणतात. अशा पाच फलजांना 2006 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. पाळीपाळीनं पाणी वाटून घ्यायचं, ही गोष्ट पाटाच्या पाण्यावर भांडणं पाहिलेल्या आम्हाला लगेच कळली.

तिथून वहिबाचं वाळवंट. टायरमधली हवा कमी करून गाडी वाळूत घालतात. नारिंगी वाळू, वर चांदण्यांचा सडा आणि कानठळ्या बसाव्यात अशी शांतता. जानेवारीत रात्री चांगलीच थंडी वाजते, स्वेटर लागतोच. सकाळी वेलदोडा घातलेला कडसर कहवा आणि खजूर आले. पुरे झालं की रिकामा कप हलवून दाखवायचा, नाहीतर वाढणारा वाढतच राहतो. काकूंना हे माहीत होतं. काकांनी पत्रात लिहिलं होतं म्हणे!

परतताना सूर गाव लागलं. लाकडी गलबतं बांधण्याचं जुनं ठिकाण, आणि त्यासाठी सागवान जायचं आपल्या मलबारातून. मस्कतच्या खाडीवरचे दोन किल्लेही आपल्या ओळखीच्या हातांनी घडवलेले. पोर्तुगीजांनी 1507 मध्ये मस्कत घेतलं आणि तीनच वर्षांनी गोवा. फरक इतकाच, मस्कतमधून ते 1650 मध्ये गेले.

शेवटचा दिवस काकूंसाठी राखून ठेवला होता. सकाळी रुवी. पत्रावरचा पत्ता शोधला. जुनी चाळवजा इमारत तिथं नव्हती, जागी उंच इमारत होती. काकू काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मत्र्याच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. काका ज्या बंदरावर काम करायचे तिथून मालवाहतूक 2014 मध्ये सोहारला हलवली. आता तिथं प्रवासी बोटी लागतात. मागे काळे उघडे डोंगर, पुढे निळं पाणी, बाजारातून येणारा लोबानचा वास.

काकू कठड्यावर बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, हे तिथं मजेत असतील. इकडे मी एकटीच राबतेय. मनात राग होता गं, बावीस वर्षं. इथं तर सावलीला एक झाड नाही." थोड्या वेळानं त्यांनी डब्यातला तिळाचा लाडू काढला, अर्धा आम्हाला वाटला, अर्धा स्वतः खाल्ला.

मैत्रिणींनो, आम्ही परतलो आणि तीन महिन्यांनी, एप्रिल 2024 मध्ये तिथल्या पुराची बातमी आली. शाळकरी मुलांसह कितीतरी जीव गेले. काकू दिवसभर टीव्हीसमोर बसून होत्या. ते गाव आता त्यांचंही झालं होतं.

निघण्याआधी एवढं बघा

• पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसाचे नियम आणि शुल्क अधिकृत संकेतस्थळावरच तपासा.

• आखातातलं वातावरण अचानक तापतं. जून 2025 मध्ये इराण-इस्रायल संघर्षात तिकडची विमानसेवा विस्कळीत झाली होती. परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचूनच तिकीट काढा. पैसे परत मिळतील असं तिकीट आणि प्रवास विमा घ्या.

• 'वादी' म्हणजे कोरडी नदी. डोंगरात पाऊस पडला की क्षणात लोंढा येतो. ढग दिसले तर वादीत उतरू नका, वाहत्या पाण्यात गाडी घालू देऊ नका.

• रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खाणंपिणं टाळा. शुक्रवार-शनिवार तिथं सुट्टी असते.

• रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. चार्जरसाठी चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो.

• आणि सर्वात महत्त्वाचं. "पर्यटक व्हिसावर चल, तिथं घरकामाची नोकरी लावून देतो," असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. पर्यटक व्हिसावर नोकरी करणं बेकायदा आहे आणि अशा बायका तिथं अडकून पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. फिरायला जायचं ते परतीचं तिकीट स्वतःच्या पर्समध्ये ठेवून.