शेअर बाजाराचें रिंगण आणि संगणकाचा पडदा

व्यापारांत भांडवल, माल आणि पत या तीन गोष्टींचें महत्त्व सर्वांना ठाऊक असतें. परंतु एका चौथ्या गोष्टीचा हिशेब वहींत कोठेंच मांडलेला नसतो. ती गोष्ट म्हणजे बातमी. कोणत्या मालाला कोठें काय भाव आहे हें ज्याला शेजाऱ्याच्या आधीं कळलें, त्याच्या पदरीं नफा पडला, हा व्यापाराचा जुना अनुभव आहे. १८७० सालीं समुद्राखालची तार मुंबईस येऊन पोहोंचली, तेव्हां विलायतेंतील बाजारभाव आगबोटीची वाट न पाहतां येथें कळूं लागले, आणि पेढ्यांच्या चढाओढीचें स्वरूप पालटलें. संगणक आणि इंटरनेट यांनीं केलेला फरक याच जातीचा आहे. मात्र त्याची व्याप्ति कितीतरी मोठी आहे. तो कसा घडतो हें समजून घेण्यास मुंबईच्या शेअर बाजाराइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

टाउन हॉलजवळच्या वडाखालीं जमणाऱ्या दलालांनीं १८७५ सालीं आपली संस्था रीतसर स्थापन केली. पुढें ती ज्या रस्त्यावर स्थिरावली, त्याला दलाल स्ट्रीट हेंच नांव पडलें. तेथील रिंगणांत दलाल आणि त्यांचे कारकून हातवारे करीत, ओरडून भाव पुकारीत आणि सौदे टिपून घेत. हा देखावा मोठा प्रेक्षणीय असे. परंतु रिंगणांत उभा असलेला आणि रिंगणाबाहेरचा यांच्यांत एक भिंत होती. नागपूरच्या एखाद्या गृहस्थानें आपले शेअर विकण्यास सांगितलें, तर ते कोणत्या क्षणीं आणि नेमके कोणत्या भावानें विकले गेले, हें ताडून पाहण्याचें साधन त्याच्यापाशीं नसे. दलाल सांगेल तोच भाव! सगळे दलाल अप्रामाणिक होते असें मुळींच नाहीं. पण प्रामाणिकपणाची परीक्षा घेण्याची सोयच त्या रचनेंत नव्हती.

१९९१ सालीं फेरवानी समितीनें एका राष्ट्रीय शेअर बाजाराची शिफारस केली. पुढच्याच वर्षीं रोख्यांच्या व्यवहारांतील मोठा घोटाळा उघडकीस आला आणि सुधारणेची निकड सर्वांनाच पटली. १९९२ च्या नोव्हेंबरांत सार्वजनिक वित्तसंस्थांनीं नॅशनल स्टॉक एक्स्चेंज ही कंपनी स्थापिली. डॉ. आर. एच. पाटील हे तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. या बाजाराचे मालक निराळे व तेथें सौदे करणारे दलाल निराळे, हें तिचें पहिलें वैशिष्ट्य होतें. आणि रिंगण मुळींच नाहीं, हें दुसरें. ३ नोव्हेंबर १९९४ रोजीं तेथें शेअरांचे व्यवहार सुरू झाले. दलालांनीं आपल्या कचेरीवर उपग्रहाची तबकडी बसवावी आणि संगणकाच्या पडद्यावर मागणी नोंदवावी, अशी ही योजना. मध्यवर्ती यंत्र चांगल्या भावाला आधीं मान देई, आणि भाव सारखाच असेल तर आधीं आलेल्याला. समोरचा गिऱ्हाईक कोण, हें कोणासच दिसत नसे. भाव मात्र सर्वांना एकाच वेळीं दिसे. नागपूरचा दलाल आणि फोर्टमधला दलाल एका पायरीवर येऊन बसले!

परिणाम काय झाला? एकशेंवीस वर्षांची परंपरा पाठीशीं असलेल्या बाजाराला या नवख्यानें वर्षभरांतच उलाढालींत मागें टाकलें. जुना बाजारही स्वस्थ बसला नव्हता. त्यानें १९९५ च्या मार्चमध्यें ‘बोल्ट’ ही आपली संगणकीय पद्धति सुरू केली. तरीही पारडें फिरलें तें फिरलेंच. याचें कारण आठवड्याच्या बाजाराकडे पाहिलें असतां सहज उमगेल. जेथें विकणारे पुष्कळ, तेथें घेणारे जातात. आणि जेथें घेणारे जातात, तेथें आणखी विकणारे येतात. गर्दी गर्दीला ओढते. पूर्वीं या गर्दीला अंतराची मर्यादा असे. तारांच्या व उपग्रहांच्या जाळ्यानें ती मर्यादा नाहींशी केली. म्हणून या युगांतील स्पर्धेंत पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांतील अंतर फार झपाट्यानें वाढतें.

पुढच्या पायऱ्या त्याच वाटेनें आल्या. १९९६ सालीं शेअरांची कागदी प्रमाणपत्रें जाऊन त्यांच्या जागीं संगणकांतील नोंदी येऊं लागल्या, आणि खोट्या प्रमाणपत्रांची व न जुळणाऱ्या सह्यांची कटकट हळूहळू मिटली. २००० सालीं इंटरनेटवरून सौदे करण्यास मुभा मिळाली. २०२३ च्या जानेवारीपासून सौद्याची देवघेव दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशीं पुरी होऊं लागली.

परंतु या जमाखर्चाला खर्चाची बाजूही आहे. ज्या जाळ्यानें मुंबईचा बाजार पुणेंकराच्या घरांत आणून ठेवला, त्यानेंच पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार ओस पाडला. २०१२ सालीं ‘सेबी’नें अशा बाजारांना निवृत्त होण्याची वाट मोकळी केली, आणि पुण्यासह अनेक शहरांतील बाजार बंद झाले. शिवाय जुनी विषमता गेली तेथें नवी उभी राहिली. आतां बाजाराच्या संगणकगृहांतच भाड्यानें आपलीं यंत्रें ठेवणारे मोठे व्यापारी आहेत. त्यांची मागणी, डोळ्याचें पातें लवण्यापूर्वींच पोहोंचते. एका ठिकाणीं गोळा झालेला व्यवहार एका ठिकाणींच अडतो, हेंही २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं दिसून आलें. त्या दिवशीं दळणवळणाच्या तारांतील बिघाडामुळें राष्ट्रीय शेअर बाजाराचें कामकाज सुमारें चार तास बंद पडलें होतें.

याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट घराघराशीं निगडित आहे. वायदे व विकल्प यांच्या व्यवहारांत पडलेल्या व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटाच झाला, असें ‘सेबी’नें २०२४ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध केलेल्या पाहणींत आढळलें. भाव तर या सर्वांना सारखाच दिसत होता! मग उणें कशाचें होतें? बातमीचें नव्हे, तर बातमी पारखण्याच्या ज्ञानाचें, भांडवलाचें आणि धीराचें.

एकेकाळीं बातमी दुर्मिळ होती, म्हणून ती ज्याच्याजवळ तो जिंकत असे. आज ती विहिरीच्या पाण्यासारखी सर्वांना सुलभ झाली आहे. पण पोहरा आणि दोर ज्याचे त्यानेंच आणावे लागतात. यंत्रानें रिंगणाची भिंत पाडली, हा त्याचा मोठा उपकार आहे. मात्र भिंत पडली म्हणजे आंतील सर्व जण समबल झाले, असें समजून जो उंबरठा ओलांडील, त्याला त्या समजुतीची किंमत स्वतःच्या गांठोड्यांतून मोजावी लागेल.