पिकअपच्या मागे उजेड हवा, पण रीतसर

पहाटेचे तीन वाजले आहेत असे समजा. पिकअपचा हौदा भाजीची पोती आणि फुलांच्या करंड्यांनी भरला आहे. उजाडायच्या आत दादरचा बाजार गाठायचा आहे. वाडीत गाडी वळवायला जागा नाही, म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत ती उलटीच काढावी लागते. एका अंगाला दगडी गडगा, दुसऱ्या अंगाला बावखल. मागे कोणी तरी ओरडतो, “येऊ द्या, येऊ द्या... बास!” हा “बास” ड्रायव्हरच्या कानावर पडेपर्यंत चाक कुठे गेलेले असते?

निर्मळ, भुईगाव, वाघोली, आगाशी या पट्ट्यातल्या वाचकांना हे चित्र नवीन नाही. अर्नाळा आणि पाचूबंदरला मासळी भरणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. गडग्याला धक्का लागला तर फाळका वाकतो, पत्रा चेपतो. ते नुकसान भरून निघते. पण मागे करंडी उचलायला वाकलेली म्हातारी असली, किंवा झोपेतून उठून आलेले पोर असले, तर ते नुकसान कशाने भरणार? १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचा अडथळा सांगणारा सेन्सर सक्तीचा झाला. आपल्या वापरातल्या जुन्या पिकअपला तसले काही नाही. तिथे आधार आरशाचा आणि उजेडाचा.

आधी आहे ती बत्ती बघा

जादा दिवे घेण्याआधी गाडीची मूळ रिव्हर्स लाईट तपासा. काच चिखलाने भरलेली असते, बल्ब काळा पडलेला असतो, होल्डरला गंज चढलेला असतो. समुद्राकडचा खारा वारा आणि हौद्यातून गळणारे मासळीचे खारट पाणी यांनी आपल्याकडे हे लवकर होते. काच धुवा, होल्डर घासून घ्या, बल्ब बदला. बल्ब चांगला असूनही पेटत नसेल तर गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच आणि त्याची वायर पाहायला सांगा. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

वायर जोडण्याची रीत

तरीही उजेड अपुरा वाटला तर दोन जादा दिवे लावा. मात्र “मागच्या वायरलाच जोडून टाक” असे कारागिराला सांगू नका. हिशेब सोपा आहे. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची. रिव्हर्सचा साधा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे तो पावणेदोन अँपिअर वीज ओढतो. मूळचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर घेतात. त्याच वायरवर आणखी दोन चढवले की भार सात अँपिअर होतो. वायर आणि स्विच मूळ दिव्यांच्या मापाचे असतात. दुप्पट भाराने फ्यूज उडतो, स्विचचे टोक जळते, वायर तापते.

यावर उपाय रिले. ही डबी कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. तिच्या पायांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीची वायर फ्यूजमधून आणायची, ८७ वरून दिव्यांना द्यायची, ८६ ला मूळ रिव्हर्स लाईटची वायर आणि ८५ ला अर्थ. रिव्हर्स गिअर पडला की मूळ वायर फक्त रिलेला जागे करते. त्याला पाव अँपिअरही लागत नाही. दिव्यांचा खरा भार बॅटरीकडून येणारी नवी वायर उचलते.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. वायर वाटेत कुठे घासून चॅसिसला टेकली, तर फ्यूज उडेल आणि गाडी वाचेल. १८ वॅटचे दोन एलईडी दिवे मिळून तीन अँपिअर घेतात. त्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि साडेसात अँपिअरचा फ्यूज पुरतो. दिवे १२ व्होल्टला चालणारेच घ्या. मोठ्या ट्रकच्या २४ व्होल्टचे इथे उपयोगी नाहीत.

अर्थची वायर रंगावर बसवू नका. रंग खरवडून, बोल्टखाली घट्ट आवळून वर ग्रीस लावा. जोड नुसत्या चिकटपट्टीने बांधू नका, पाणी न शिरणारे कनेक्टर वापरा. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपाऱ्यात पाणी कसे तुंबले होते ते आठवा. चॅसिसखालचा उघडा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. गाडी नवीन असेल, वॉरंटीत असेल, तर वायर कापण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

दिवा कुठे बसवावा?

फाळक्यावर तर नकोच. फाळका खाली सोडला की दिवाही खाली लोंबतो. हौद्याखाली चॅसिसच्या आडव्या पट्टीवर दोन टोकांना दोन दिवे बसवा, पण सोडलेल्या फाळक्याआड जाणार नाहीत अशा बेताने. तोंड जमिनीकडे आणि थोडे बाहेरच्या बाजूला. माल भरल्यावर आतल्या आरशात काहीच दिसत नाही, ड्रायव्हर बाजूच्या आरशांवरच गाडी घेतो. म्हणून आरशात जेवढे दिसते तेवढ्यावर उजेड पडला पाहिजे. रात्री मागे दहा फुटांवर दोन्ही कडांना एकेक रिकामे पोते टाका आणि आपल्या जागेवर बसून बघा. दोन्ही पोती आरशात स्पष्ट दिसली की दिवा बरोबर बसला.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०८ सांगतो की गाडीच्या मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा उजेड दिसता कामा नये. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांत नंबरप्लेटवरचा आणि गाडी मागे घेतानाचा पांढरा उजेड येतो. ट्रॅक्टरच्या नांगराच्या दिव्यालाही सवलत आहे, पण ती शेतातल्या कामापुरती. म्हणून जादा दिवे रिव्हर्स गिअरबरोबरच लागले आणि विझले पाहिजेत. काही जण त्यांना वेगळा स्विच लावतात आणि तो हायवेवर चालूच राहतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात. आपल्या वाडीतला अपघात टाळून तो हायवेवर कशाला न्यायचा? दिव्यांच्या संख्येबद्दल शंका असेल तर एमएच ४८ च्या परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्या, म्हणजे पासिंगच्या वेळी अडचण नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि पालिकेच्या मंडळींनाही एक विनंती. बावखलाचा आणि बिनकठड्याच्या विहिरीचा काठ जिथे रस्त्याला लागतो, तिथे पांढरे रंगवलेले खांब उभे करा, त्यांवर चमकपट्ट्या लावा. गाडीचा उजेड पडला तरी काठ ओळखू यायला हवा ना!

शेवटची गोष्ट बिनपैशाची. गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून एक फेरी मारा. मागे माणूस उभा करायचा तो गाडीच्या पाठीशी नको, ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात दिसेल असा, हातात बॅटरी घेऊन. तो आरशातून दिसेनासा झाला की जागच्या जागी ब्रेक. “बास” ऐकू यायची वाट पाहू नका.

दिवा लावाच. पण उतरून बघायचा कंटाळा करू नका.