एकाकी प्रवासाची साथ : शूबर्टच्या ‘विंटरराइझे’विषयी

मराठीत ‘साथ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वाटेने बरोबर चालणे ही एक साथ; गायकाच्या स्वरामागे वाद्याने उभे राहणे ही दुसरी. पहिली नसेल तेथे दुसरी कितपत पुरी पडते, हा प्रश्न फ्रान्झ शूबर्ट (१७९७–१८२८) या व्हिएन्नाच्या संगीतकाराच्या ‘विंटरराइझे’ म्हणजे ‘हिवाळ्यातील प्रवास’ या गीतमालेच्या मुळाशी आहे.

विल्हेल्म म्यूलर या जर्मन कवीच्या २४ कवितांना शूबर्टने १८२७ साली दोन टप्प्यांत स्वररूप दिले. पहिली १२ गीते जानेवारी १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. उरलेली १२ त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याच्या निधनानंतर. कथानक जवळजवळ नाहीच. प्रेमभंग झालेला एक तरुण रात्री गाव सोडतो आणि बर्फातून एकटा चालत राहतो. साधने दोनच : एक कंठ आणि एक पियानो.

येथे पियानोचे कार्य केवळ स्वराला आधार देण्याचे नाही. पहिल्या गीतात त्याचे समान अंतराने पडणारे आघात जवळजवळ अखंड चालू राहतात. ती प्रवाशाची पावले होत. निद्रिस्त प्रेयसीचे स्वप्न मोडू नये, असे तो म्हणतो त्या अखेरच्या कडव्यात कोमल गांधाराच्या जागी शुद्ध गांधार येतो. दुःख मात्र त्यामुळे हलके होत नाही. गमावलेल्या सुखाची जाणीवच तीव्र होते. तेराव्या गीतात टपालगाडीचे शिंग पियानोतून ऐकू येते व त्याचे हृदय उसळते. पण त्याच्यासाठी पत्र नसते. अशा रीतीने पियानो कधी पाऊल होतो, कधी बाहेरचे जग. सोबती मात्र होत नाही.

चोविसाव्या गीतात प्रवाशाला गावाबाहेर बर्फावर अनवाणी उभा असलेला, हाताने फिरवावयाचे तंतुवाद्य वाजविणारा एक वृद्ध भेटतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्याचे ताट रिकामेच आहे. येथे पियानोच्या खालच्या अंगाला षड्ज-पंचमाची जोडी आरंभापासून अखेरपर्यंत अचल राहते. तानपुऱ्याशी परिचित असलेल्या आपल्या कानांना ती ओळखीची वाटेल. परंतु तानपुरा रागविस्ताराला भूमी देतो, तर येथे तोच अचलपणा गोठलेपणाचा प्रत्यय देतो. वाद्याची धून आणि गायकाची ओळ बहुतांशी आळीपाळीने येतात. दोन एकाकी जीव जणू एकमेकांची वाट पाहतात.

आतापर्यंत नदी, कावळा आणि स्वतःचे हृदय यांच्याशी बोलणारा हा प्रवासी समोर उभ्या असलेल्या माणसाशी येथे प्रथमच बोलतो. मी तुझ्याबरोबर येऊ का, माझ्या गीतांना तू साथ करशील का, असे तो विचारतो. ‘साथ’चे दोन्ही अर्थ या प्रश्नात एकत्र येतात. उत्तर येत नाही. धून क्षणभर उंचावते व विरून जाते.

शूबर्टने ही गीते मित्रांना गाऊन दाखविली तेव्हा ते स्तब्ध झाले. शोबर या मित्राला त्यांतील ‘लिंडेनबाउम’ हे एकच गीत आवडले, असे त्याचा दुसरा मित्र श्पाउन याने नमूद केले आहे. मित्रांना सांत्वन हवे असावे; शूबर्टने ते दिले नाही. संगीत एकाकीपण दूर करते, असा या कृतीचा दावा नाही. ते एकाकीपणाला ऐकू येण्याजोगे रूप देते, आणि त्यामुळेच ते दुसऱ्यापर्यंत पोहोचू शकते. वृद्धाने न दिलेले उत्तर श्रोत्याने द्यावयाचे असते.